इअरबड्स घेताना ब्लूटूथ ५.० की ५.४? फरक नेमका कुठे पडतो

एका इअरबड्सवर ‘ब्लूटूथ ५.०’, दुसऱ्यावर ‘५.४’ लिहिलेलं असतं आणि आपण मोठ्या आकड्याला जास्त पैसे मोजतो. गाणी ऐकण्यापुरतं बोलायचं तर हा आकडा फारसं काही सांगत नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये ५.० आलं तेव्हा ‘चौपट रेंज, दुप्पट वेग’ असा गाजावाजा झाला. ती सुधारणा होती ‘लो एनर्जी’ या शाखेत, म्हणजे फिटनेस बँड, सेन्सर अशा उपकरणांसाठी. बहुतेक इअरबड्स मात्र गाणी अजूनही जुन्या ‘क्लासिक’ ब्लूटूथवरूनच घेतात. खरा बदल २०२० च्या ५.२ मध्ये आला: एलई ऑडिओ. पण तो ऐच्छिक आहे. ५.४ लिहिलं म्हणून तो असेलच असं नाही, शिवाय फोनमध्येही तो लागतो. त्यामुळे खोक्यावर ‘एलई ऑडिओ’ हे शब्द आहेत का, ते बघा.

मग आवाज तुटतो कशामुळे? ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. वायफायचीही तिथेच गर्दी असते. क्लासिक ब्लूटूथ त्यातून वाट काढायला सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलू शकतं! पण या लहरी पाणी शोषून घेतं आणि आपलं शरीर बहुतांशी पाणीच. फोन मागच्या खिशात असेल तर अडथळा तुम्हीच असता. मोकळ्या मैदानात हे जास्त जाणवतं, कारण लहरी परतवायला आसपास भिंती नसतात. फोन छातीच्या खिशात ठेवून पाहा.

कोडेकचंही तसंच. एलडीएसी सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत डेटा पाठवतो. ऐकायला छान, पण गर्दीच्या फलाटावर तोच आधी अडखळतो. तिथे एसबीसी किंवा एएसी बरा. आयफोनवर एलडीएसी चालतच नाही, तेव्हा आयफोनवाल्यांनी त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

लॅपटॉपवर मीटिंग सुरू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो, तो बिघाड नव्हे. माइक चालू झाला की क्लासिक ब्लूटूथ संभाषणाच्या, कमी दर्जाच्या मोडमध्ये जातं. सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा, इअरबड्समधला आवाज पुन्हा पहिल्यासारखा होतो.