रूइबॉस

रूइबॉस (शास्त्रीय नाव: ॲस्पॅलॅथस लिनिॲरिस, कुल: फॅबेसी) हे दक्षिण आफ्रिकेतील एक झुडूप असून त्याची कोवळी पाने व डहाळ्या यांपासून तांबूस रंगाचे पेय तयार करतात. या पेयास ‘लाल चहा’ असेही म्हणतात. मात्र चहाच्या झाडाशी या वनस्पतीचा संबंध नाही. आफ्रिकान्स भाषेत ‘रूइ’ म्हणजे लाल व ‘बॉस’ म्हणजे झुडूप. मूळ उच्चार ‘रॉयबॉस’ असा आहे.

वर्णन

भारतात परिचित असलेला ताग याच कुलातील असून तो रूइबॉसचा जवळचा नातलग आहे. झुडूप साधारणपणे १ ते २ मी. उंच वाढते. पाने सुईसारखी व फुले लहान, पिवळी असतात. शेंगेत बहुधा एकच बी असते. मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, त्यामुळे निकस, आम्लधर्मी, वालुकामय जमिनीतही ते तग धरते.

प्रसार

वेस्टर्न केप व नॉर्दर्न केप प्रांतांतील हिवाळी पावसाच्या प्रदेशात, विशेषतः सीडरबर्ग पर्वतराजीत, ही वनस्पती नैसर्गिकरीत्या आढळते. इतर देशांत तिची व्यापारी लागवड यशस्वी झालेली नाही.

इतिहास

या वनस्पतीचा उपयोग खोई व सान या मूळ रहिवाशांकडून इतरांना कळला. पूर्वी रानातील झुडपे तोडून, ठेचून, ढीग करून ती उन्हात वाळवीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बेंजामिन गिन्सबर्ग या व्यापाऱ्याने या पेयास बाजारपेठ मिळवून दिली. पिकलेली शेंग तडकून बी दूर उडत असल्याने बियाणे मिळणे कठीण होते. मुंग्यांच्या वारुळांत साठलेले बी शोधून गोळा केले जाई. क्लॅनविल्यम येथील डॉक्टर पीटर ले फ्रास नॉर्टियर यांनी १९३० च्या सुमारास बियांचे कठीण कवच खरवडून त्या रुजविण्याची पद्धत विकसित केली व लागवड शक्य झाली. दुसऱ्या महायुद्धात आशियातील चहाची आवक घटल्याने रूइबॉसची मागणी वाढली.

प्रक्रिया

उन्हाळ्यात कापलेल्या डहाळ्या बारीक कातरून, ओल्या करून व चेचून त्यांचे ढीग रचतात. काही तासांत ऑक्सिडीभवन होऊन हिरवा रंग तांबूस होतो व गोडसर वास येतो. या क्रियेस व्यवहारात ‘किण्वन’ म्हणत असले, तरी ती सूक्ष्मजीवांमुळे नव्हे तर मुख्यतः पानांतील विकरांमुळे घडते. नंतर माल उन्हात पसरून वाळवतात. ऑक्सिडीभवन टाळून केलेल्या प्रकारास ‘हिरवा रूइबॉस’ म्हणतात.

रासायनिक घटक

रूइबॉसमध्ये कॅफीन नसते व टॅनिनचे प्रमाण चहापेक्षा कमी असते. त्यामुळे काढा बराच वेळ उकळला तरी फारसा तुरट होत नाही. ॲस्पॅलॅथिन हे संयुग या वनस्पतीचे वैशिष्ट्य मानले जाते. ऑक्सिडीभवनात त्याचे प्रमाण बरेच घटते.

नाव व पारंपरिक ज्ञानावरील हक्क

१९९४ मध्ये एका कंपनीने अमेरिकेत ‘रूइबॉस’ या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली. दीर्घ वादानंतर २००५ मध्ये हे नाव सर्वांसाठी मुक्त झाले. २०२१ मध्ये युरोपीय संघाने त्यास संरक्षित मूळस्थान नाम म्हणून मान्यता दिली. आफ्रिकेतील खाद्यपदार्थास मिळालेली ही पहिलीच अशी मान्यता होती.

ज्यांच्या ज्ञानावर हा उद्योग उभा राहिला, त्या समुदायांना मात्र दीर्घकाळ त्याचा लाभ मिळाला नाही. सान व खोई परिषदांच्या मागणीनंतर २०१९ मध्ये लाभवाटप करार झाला. त्यानुसार शेतावरील खरेदी किमतीच्या १.५ टक्के रक्कम या समुदायांच्या न्यासांना देण्याचे ठरले. संपूर्ण उद्योगाला लागू असलेला हा करार, पारंपरिक ज्ञानाचा मोबदला देण्याचे महत्त्वाचे उदाहरण मानला जातो.

पर्यावरणीय प्रश्न

लागवडीसाठी ‘फिनबॉस’ या जैवविविधतासंपन्न झुडूपवनाचे क्षेत्र तोडले गेले आहे. दुष्काळ व वाढते तापमान यांचाही पिकास धोका आहे. वुपरथाल व सुइड बॉकवेल्ड येथील लहान शेतकरी लागवडीबरोबरच रानटी रूइबॉसही गोळा करतात. रानटी वाणांपैकी काही वणव्यानंतर बुंध्यातून पुन्हा फुटतात. म्हणून त्यांचे जतन महत्त्वाचे ठरते.