जवस, लोह आणि चंचल मूल : पूरक आहाराच्या एका दाव्याचा इतिहास

हुबळी-धारवाड परिसरात ज्वारीच्या भाकरीबरोबर जवसाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. कन्नडमध्ये जवसाला अगसी म्हणतात. घरात या चटणीला कोणी औषध मानत नाही. परंतु याच जवसाचे तेल २००६ साली पुण्यातील एका संशोधनामुळे वैद्यकीय नियतकालिकात पोहोचले. तेही वर्गात स्थिर न बसणाऱ्या मुलांच्या संदर्भात.

अशा मुलांचे वैद्यकीय वर्णन जुने आहे. १९०२ मध्ये लंडन येथे जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी, बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांची उदाहरणे व्याख्यानांतून मांडली. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. तेथे मनोरुग्णालय होते. पण शाळेतील चंचल मूल हा तेथील विषय नव्हता, तो मास्तरांचा होता. पुढे १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी बेन्झेड्रीनचा अशा मुलांवरील परिणाम नोंदविला व औषधोपचाराचा मार्ग उघडला.

आहाराकडे लक्ष वळविले ते बेंजामिन फाइनगोल्ड यांनी, १९७० च्या दशकात. कृत्रिम रंग व स्वाद वगळल्यास मुले शांत होतात, हे त्यांचे मत जसेच्या तसे टिकले नाही. तथापि २००७ च्या साउदम्प्टन येथील अभ्यासात काही रंगांचा थोडा परिणाम आढळला आणि २०१० पासून युरोपात अशा पदार्थांवर इशारा छापणे बंधनकारक झाले. साखरेवरील आरोप मात्र चाचण्यांत सिद्ध झाला नाही. धारवाडी पेढा उगाच बदनाम होऊ नये.

पुण्यातील कल्पना जोशी व सहकाऱ्यांनी एडीएचडीचे निदान झालेल्या मुलांना तीन महिने जवसाचे तेल व क जीवनसत्त्व दिले. मुलांची चंचलता कमी झाल्याचे व रक्तपेशींतील ओमेगा-३ मेदाम्ले वाढल्याचे दिसले. निष्कर्ष उत्साहवर्धक होता; परंतु नुसते दिखाऊ औषध घेणारा गट तुलनेस नव्हता. त्यामुळे सुधारणा तेलाची की मुलाकडे वाढलेल्या लक्षाची, हे ठरत नाही. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा मेदाम्लांच्या १३ चाचण्या तपासल्या गेल्या. लाभाचा पुरावा तुटपुंजा ठरला. २०२३ मध्ये चाचण्यांची संख्या ३७ झाली, तरी पालकांनी नोंदविलेल्या अवधानात व चंचलतेत फरक आढळला नाही.

लोहाची कथा निराळी आहे. एरिक कोनोफाल यांच्या २००८ मधील छोट्या फ्रेंच चाचणीत, फेरिटिन कमी असलेल्या २३ मुलांपैकी १८ जणांना रोज ८० मिलिग्रॅम फेरस सल्फेट दिले असता काही लक्षणांत सुधारणा झाली. येथे आधी उणीव मोजली होती, मग ती भरून काढली. बाजारातील बाटली हा क्रम पाळत नाही. आपल्याकडे मुलांमधील रक्तक्षय सर्रास आढळतो आणि रक्तक्षयी मूल वर्गात थकलेले, अनवधानी दिसते. त्याला एडीएचडी असेलच असे नाही. म्हणून हुबळीतील एखाद्या पालकाने ‘मेंदूच्या टॉनिक’वर महिन्याची कमाई घालण्यापूर्वी रक्ततपासणी करून घेणे स्वस्तही पडते आणि सुरक्षितही, कारण गरज नसताना दिलेले जास्त लोह मुलाला विषासमान ठरू शकते. जवसाची चटणी पानात राहू द्यावी; ती चविष्ट असते.