दम्याच्या तीव्र झटक्यावरील शिरेतील औषधे

1888 मध्ये आल्ब्रेख्त कोसेल यांनी चहाच्या पानांतून थिओफिलिन वेगळे केले. त्यापासून बनलेले अमिनोफिलिन 1930 च्या दशकाअखेरीपासून दम्याच्या तीव्र झटक्यात शिरेतून दिले जाऊ लागले. मात्र उपकारक आणि विषारी मात्रेतील अंतर थोडे असल्याने उलट्या, हृदयाचे अनियमित ठोके, प्रसंगी आकडी असे धोके होते.

1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये सालब्युटामॉल हे दम्याचे औषध विकसित झाले. ते श्वासावाटे दिल्यास प्रभावी ठरते. मात्र शिरेतून दिल्यास हातांना कंप सुटतो, नाडी वाढते, रक्तातील पोटॅशियम घटते.

शिरेतून दिले जाणारे आणखी एक औषध, मॅग्नेशियम सल्फेट, श्वासनलिकांचे स्नायू सैल करते. प्रौढांना साधारण 2 ग्रॅम, 20 मिनिटांत देतात. 2014 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार त्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटते. म्हणून ऑक्सिजन, श्वासावाटेची औषधे व स्टेरॉइड पुरेसे न ठरल्यास शिरेतील औषधांत त्याला पहिली पसंती मिळते.