लपण (बदकांच्या शिकारीतील)

पाणपक्ष्यांच्या नजरेआड बसून त्यांना बंदुकीच्या टप्प्यात येऊ देण्यासाठी केलेला आडोसा. अमेरिकेत बदकांची हंगामी शिकार परवाना घेऊन करता येते आणि तिथे या आडोशाला ‘ब्लाइंड’ म्हणतात. चार खांब नि गवताच्या पेंढ्या एवढ्यावर भागणारे लपण असते, तसेच शेगडी आणि झोपायच्या फळ्या असलेले खोलीवजा लपणही असते. टेनेसी राज्यातला रीलफूट तलाव या दुसऱ्या प्रकारासाठी प्रसिद्ध आहे. 1811-12 च्या भूकंपांत जमीन खचून हा तलाव तयार झाला. बदकाला मात्र शेगडीशी देणेघेणे नसते. त्याला वरून दिसते ती सावली, चकाकी आणि हालचाल. लपणावरचा मोठा खर्च होतो तो आत बसणाऱ्याच्या सोयीसाठी. लपण्याचे काम स्वस्तात होते.

पाणथळीतले गवतच शिकाऱ्याच्या उपयोगी पडते, ही समज फार जुनी. नेवाडातील लव्हलॉक गुहेत 1924 मध्ये लव्हाळ्यासारख्या गवताची वळून केलेली बनावट बदके सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत.

एकोणिसाव्या शतकात चेसापीक उपसागरात याच्या अगदी उलट टोक गाठले गेले. बाजारासाठी पक्षी मारणारे शिकारी लाकडी पेटीत उताणे पडून राहत. पेटीला चारी बाजूंनी सपाट तरंगत्या फळ्या असत आणि लोखंडी बनावट बदकांच्या वजनाने ती पाण्याच्या पातळीपर्यंत बुडवलेली असे. ‘सिंकबॉक्स’ नावाचे हे लपण इतके प्रभावी ठरले, की 1935 मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. जिवंत बदके आमिष म्हणून बांधणे आणि दाणे टाकून पक्षी बोलावणे, यांवरही त्याच वर्षी बंदी आली.

लपण निवडताना खिशाआधी कायदा पाहावा लागतो. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक शिकाऱ्याला राज्याच्या परवान्याबरोबर केंद्राचा ‘डक स्टॅम्प’ घ्यावा लागतो. 1934 मध्ये एक डॉलरला सुरू झालेला हा स्टॅम्प 2015 पासून 25 डॉलरला मिळतो. जागेचे नियम त्याहून किचकट. व्हर्जिनियात परवानाधारक स्थिर लपणापासून 500 यार्डांच्या आत दुसऱ्याने शिकारीला बसता येत नाही. राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांत शिकारीसाठी झाडाला खिळा ठोकायलाही मनाई आहे. अनेक सार्वजनिक पाणथळींत तर सकाळी उभारलेले लपण त्याच दिवशी काढून न्यावे लागते. अशा ठिकाणी भक्कम लाकडी लपणाचा उपयोग काय? तिथे घडी घालून पाठीवर नेता येईल तेच खरे.

जागेप्रमाणे रूप बदलते. कापणी झालेल्या मक्याच्या शेतात उंच काही उभे केले तर ते दुरूनच खुपते, म्हणून तिथे जमिनीलगत आडवे पडून राहायचे ‘लेआउट’ लपण वापरतात. तळ्याच्या काठी, गवताला लागून, दोन बाजू वर तिरप्या एकत्र येणारे ‘ए-फ्रेम’ लपण बसते आणि त्यात तिघे-चौघे मावतात. उथळ पाण्यात खांबांवरचे लपण चालते आणि नाव असेल तर तिच्याच भोवती गवताची चौकट उभारतात. सगळ्यांत स्वस्त सोय आर्कान्सासमध्ये पाहावी. स्टटगार्ट गावाच्या आसपास हिवाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या ओकच्या रानात शिकारी मांड्यांपर्यंत पाण्यात, बुंध्याला टेकून, त्याच्या सावलीत उभे राहतात. लपणावर खर्च शून्य; पैसे जातात ते पाणी आत न येणाऱ्या पँटवर.

घरी ए-फ्रेम करायची तर सांगाडा हाताशी असेल त्याचा करावा. अमेरिकेत मालवाहतुकीची लाकडी पॅलेट सहसा 48 × 40 इंचांची असते आणि अनेकदा फुकट मिळते. मात्र तिच्यावरचा शिक्का पाहून घ्यावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेली, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. दुसरी नको. गुरांच्या कुंपणासाठी विकली जाणारी जाड तारेची जाळी 16 फूट लांब आणि 50 इंच उंच येते. तिचे दोन तुकडे वरच्या कडेला तारेने सैल बांधले, की बिजागरीही लागत नाही. जाळीवर आधी तरट ताणायचे आणि त्यावर सुतळीने गवताच्या जुड्या बांधायच्या. जुड्या आडव्या बांधू नयेत. गवत उभे वाढते, तसेच ते दिसायला हवे.

गवत कुठले, हा प्रश्न मापांपेक्षा महत्त्वाचा आहे. दुकानातले छापील जंगलरंगाचे कापड माणसाच्या डोळ्याला फसवते. बदकाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी माणसापेक्षा एका प्रकाराने जास्त, म्हणजे चार प्रकारच्या असतात. त्यामुळे पाणकणसाच्या काठी पाणकणीस आणि धसकटांच्या शेतात धसकटेच खोचावीत. नव्या कापडाची चकाकी घालवायला त्यावर चिखलाचा काला फासून वाळवतात आणि मग झटकतात. हा उपाय कुठल्याही रंगापेक्षा स्वस्त पडतो. नवशिके पुढची बाजू दाट भरतात आणि छप्पर उघडे ठेवतात. घिरट्या घालणारे बदक नेमके तिथूनच खाली पाहते, आणि वर वळलेले गोरे चेहरे त्याला लगेच दिसतात.

बदके वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. वारा शिकाऱ्याच्या पाठीकडून आला तर पक्षी सरळ समोर येतात, पण त्यांची नजरही थेट लपणावर पडते. म्हणून अनेक अनुभवी शिकारी वारा बाजूने घेतात आणि सूर्य पाठीशी ठेवतात. कायमचे लपण हंगामाच्या बरेच आधी उभारले, की पक्ष्यांना त्याची सवय होते.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ही शिकार आता बंद आहे. त्याआधी भरतपूरच्या पाणथळीत संस्थानी थाटाच्या शिकारी होत. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. आता लपणात बसतात ते छायाचित्रकार आणि अभ्यासक. तलवार बदक आणि थापट्या या अमेरिकी शिकाऱ्याच्या ओळखीच्या जाती हिवाळ्यात नाशिकजवळच्या नांदूर मधमेश्वरलाही येतात. तिथे बंदुकीच्या जागी भिंग असले, तरी सावली, वारा आणि स्थिर बसण्याचे हिशेब तेच राहतात.

पुन्हा बांधकामाकडे वळायचे, तर पक्क्या लपणाची मापे सहसा प्लायवूड ठरवते. 4 × 8 फुटांचा एक तक्ता म्हणजे तिघांची जमीन. पुढची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत यावी आणि उभे राहताना बंदुकीची नळी कशातही अडकू नये. कुत्र्यासाठी एका बाजूला स्वतंत्र तोंड आणि पाण्यापर्यंत उतरती फळी लागते. चेसापीक बे रिट्रीव्हर किंवा लॅब्राडोर भिजून परतला, की अंग झटकणार आणि सगळ्यांना भिजवणार, हे धरूनच चालावे. गॅसचा हीटर ठेवणाऱ्याने हवा खेळती ठेवायला हवी, कारण बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. शिवाय चारी बाजूंना असते ते वाळके गवत.