मनुष्य कोठून आला?

झाशीच्या दक्षिणेस बेटवेकाठी देवगढ आहे. तेथील गुप्तकालीन दशावतार मंदिराच्या भिंतीवर शेषशायी विष्णू कोरलेला असून वर कमळावर सृष्टिकर्ता ब्रह्मदेव आहे. जवळच्याच डोंगरावर जैन मंदिरे आहेत; त्या परंपरेत सृष्टीला कर्ताच नाही, विश्व अनादी आहे. जसा संस्कार, तशी उत्पत्तीची कल्पना.

१८५९ साली डार्विनचा ग्रंथ निघाला. पुढे अनेक सुशिक्षितांना मत्स्यकूर्मादी अवतारांतच उत्क्रांतिवाद दिसू लागला. परंतु अवतार धर्मरक्षणार्थ होतात; एका अवतारापासून दुसरा जन्मत नाही. १९८२ मध्ये नर्मदाकाठी हथनोरा येथे प्राचीन मानवाची अश्मीभूत कवटी सापडली. तिचा काळ पुराणांवरून नव्हे, भूस्तरांवरूनच शोधावा लागतो. श्रद्धेला शास्त्राची साक्ष नको, शास्त्राला श्रद्धेची चालत नाही. एवढा विवेक राखला तर दोहोंचा मान राहील.