नाथसागराकाठचे भोई

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवरील पैठणला येणारा प्रवासी संत एकनाथांच्या समाधीचे दर्शन घेऊन जायकवाडी धरण आणि त्याच्या पायथ्याचे ज्ञानेश्वर उद्यान पाहतो. तथापि सातवाहनांची राजधानी म्हणून दोन हजार वर्षांची ख्याती लाभलेल्या या नगरीला जलाशयाचा शेजार मिळून जेमतेम अर्धशतक झाले आहे, आणि तत्पूर्वीची येथील मासेमारी ही वाहत्या गोदावरीची होती.

ती प्रामुख्याने भोई समाजाच्या हाती होती. पालख्या व मेणे वाहणे, उतारूंना नावेतून पैलतीरी पोचविणे, उन्हाळ्यात पात्रातील वाळूत टरबूज-खरबुजांच्या वाड्या करणे आणि मासे धरणे ही या समाजाची परंपरागत कामे; पक्के रस्ते व पूल झाल्यावर त्यांपैकी पहिली दोन संपली आणि नदीवरचा भार वाढला. उन्हाळ्यातही न आटणारे पात्रातील खोल भाग, म्हणजे डोह, कोठे आहेत हे पिढीजात ज्ञानच त्यांचे खरे भांडवल होते.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेले आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी उद्घाटन केलेले सुमारे १० किलोमीटर लांबीचे, २७ दरवाजांचे जायकवाडीचे मातीचे धरण उभे राहिले, त्याचा फुगवटा शेवगाव-नेवाशाकडे पसरला, शंभराहून अधिक गावे बाधित झाली आणि धरणाच्या वरच्या अंगाचे जुने डोह एका अथांग पाण्याखाली गेले. एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हटल्या जाणाऱ्या या पाण्यात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्ले, सोडण्याची पद्धत आली. मासेमारीचा हक्क ठेक्याने आणि सहकारी संस्थांमार्फत मिळू लागला, आणि थर्माकोलचे जाड तुकडे बांधून केलेल्या तराफ्यावर बसून संध्याकाळी जाळे लावायचे व पहाटे ते उचलायचे, असा नवा क्रम रूढ झाला. पाणी ओसरलेल्या जमिनीवर होणारी गाळपेराची शेतीही याच काठची.

१९८६ मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य ठरल्यावर पक्षी, सिंचन, छत्रपती संभाजीनगर शहराचे नळ आणि मच्छीमार या चौघांचे हक्क एकाच पाण्यावर येऊन ठेपले, आणि त्यांतला मच्छीमाराचा आवाज सर्वांत क्षीण आहे. पैठणच्या पर्यटनाची आखणी करणाऱ्यांनी पैठणी आणि उद्यान यांच्याबरोबर भोयांच्या नावा, जाळी व डोहांच्या आठवणी जाणत्या वृद्धांकडून आताच नोंदवून घ्याव्यात.