सर फँगला अडवणारा धर्मगुरू

फासे टाकत आपापली पात्रं जगायच्या खेळात एखाद्या खेळाडूनं काळी वाट धरली, तर खेळ चालवणाऱ्यानं काय करायचं? याचं एक जुनं उत्तर मला डेव्ह अर्नेसन यांच्या खेळात सापडतं.

अर्नेसन १९७१ पासून अमेरिकेतल्या मिनेसोटात मित्रांना 'ब्लॅकमूर' या काल्पनिक मुलखात खेळवत होते. तिथं एका खेळाडूचं पात्र 'सर फँग' नावाचा रक्तपिपासू व्हॅम्पायर झालं. ते इतरांना आवरेना. त्यावर तोड म्हणून नवं पात्र आलं, पिशाच्चांना पळवून लावणारा धर्मगुरू. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' छापून आला, तेव्हा योद्धा आणि जादूगाराच्या पंगतीत हा धर्मगुरूही बसला होता.

मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. बंदी घातली तर एक गडी रुसतो, मोकाट सोडलं तर बाकीचे उठून जातात.

१९९१ च्या 'व्हॅम्पायर: द मास्करेड'मध्ये तर खेळाडूच व्हॅम्पायर होते. पण प्रत्येकाच्या माणुसकीला गुण होते. क्रूर वागावं तसे ते घटत. शून्यावर आले, की पात्र खेळाडूच्या हातातून जाई. सर फँगला अडवायला दुसरं कुणी लागलं होतं; इथं पहारेकरी पात्राच्या आतच बसला.